होडीवर विणलेली बाज

आमच्या घरात एक होडी होती असं मी सांगायला लागले की ऐकणारे आधी माझ्या तोंडाकडं बघतात. औरंगाबादेत होडी? जिथं नळाला पाणी आलं की बाई तव्यावरची पोळी तशीच टाकून हंड्याकडं धावते, तिथं? पण होती. घरात म्हणजे अगदी घरात नाही. जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठाला माझ्या मामेसासऱ्यांचं शेत होतं, तिथं बाभळीच्या सावलीला ती ओढून ठेवलेली असायची. आणि होती ती माझ्या नणंदेची. तिच्या स्वतःच्या मालकीची जगात तेवढीच एक वस्तू, असं म्हटलं तरी चालेल. त्या होडीचं काय झालं ते सांगायला बसलेय, कारण त्या घरातली सांगणारी आता मीच उरलेय.

मी त्यांना वन्सं म्हणायचे, त्या मला वहिनी. माझ्याहून मोठ्या, ह्यांच्याहून लहान. लहानपणी ताप आला आणि डावा पाय गेला. गेला म्हणजे होता, पण वाळक्या काठीसारखा. चालताना हातानं गुडघा दाबून तो पाय पुढं टाकावा लागायचा, लांब जायचं तर काखेत कुबडी. त्यामुळं लग्न झालं नाही. आता हे 'झालं नाही' मी किती सोपं करून लिहिलं बघा.

एकदा वैजापूरकडचं स्थळ आलं होतं. पाहुणे यायच्या आधीच ह्यांनी वन्संना बाजेवर नेऊन बसवलं, निऱ्या पसरून पाय झाकले आणि बजावलं, "उठायचं नाय. काय बी झालं तरी उठायचं नाय. चहा ही आणून देईल." ही म्हणजे मी. वन्सं बसल्या. रंग उजळ, नाक सरळ, बोलायला चटपटीत. पाहुणे खूश झाले. मग मुलाची आत्या सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "पोरी, जरा तेवढा तांब्या दे गं." तांब्या कोनाड्यात, हात पुरणार नाही इतका लांब. मी पुढं झाले तर म्हणती, "तू नको बाई, तिला देऊ दे की." वन्संनी ह्यांच्याकडं बघितलं. मग उठल्या, गुडघ्यावर हात ठेवला, कोनाड्यापर्यंत गेल्या, तांब्या दिला आणि परत येऊन जागेवर बसल्या. त्या आत्यानं पाणी प्यायलंसुद्धा, सावकाश. पाहुणे गेल्यावर हे वन्संना म्हणाले, "तुला नुसतं बस म्हटलं तर बसता बी येत नाय का गं?" आणि हसले. हे नेहमी हसतच बोलायचे. त्यामुळं बाहेरच्या लोकांना फार दिलदार माणूस वाटायचे.

पोलीस ॲक्शन झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी छावणीच्या बाजारात दुकान घातलं होतं, कंदील आणि स्टोव्ह दुरुस्तीचं. ह्यांच्या हातात आल्यावर ते विजेच्या मोटारी भरायचं झालं. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. धरण झालं तसा फुगवट्यावरचा सगळा शेतकरी ह्यांचं गिऱ्हाईक झाला. वन्सं घरी शिवण करायच्या. छावणीतल्या साहेब लोकांच्या बायका पडदे, झबली, ब्लाउज त्यांच्याकडं टाकायच्या. त्यातल्याच एका मेजरच्या बायकोशी त्यांचं सूत जमलं. त्या मेजरसाहेबांची ही होडी.

होडी कशी, ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडच्या भोयांची असते तशी नव्हे. दोन लांब पडवळं शेजारी शेजारी, मध्ये अंतर सोडून ठेवावीत तशा दोन पोकळ, गुळगुळीत होड्या. प्रत्येकीवर दोन-दोन खुंट. त्या चार खुंटांवर चार दांड्यांची चौकट, आणि चौकटीत ताणून बसवलेलं जाडं कापड. माणसं बसायची ती त्या कापडावर. खाली थेट पाणी. पुढच्या दांडीवर उंच डोलकाठी, तिला शीड. मेजरसाहेब त्या कापडाला ट्रॅम्पोलिन म्हणायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, अगं बाई, ही तर बाज आहे! चार खूर, चार दांड्या. तेव्हापासून आमच्यात तिचं नाव बाज पडलं.

मेजरच्या बाईनं वन्संना एका रविवारी पोरं सांभाळायला म्हणून काठावर नेलं, आणि पोरांच्या नादानं वन्सं होडीत चढल्या. आता बघा गंमत. त्या होडीत उभं राहायचंच नसतं. इकडून तिकडं जायचं तर बसूनच सरकायचं. शीड फिरलं की मान खाली घालायची आणि त्या कापडावरून घसरत पलीकडच्या कडेला जायचं. मेजरसाहेब तसेच सरकायचे, त्यांची बायको तशीच, पोरं तशीच. तिथं लंगडं कुणी दिसतच नव्हतं. वन्संचे हात शिवणाच्या यंत्रावर आणि कुबडीवर घट्ट झालेले. महिना-दोन महिन्यांत मेजरसाहेब सुकाणू त्यांच्याकडं देऊन स्वतः पाय सोडून बसायला लागले.

मीही एकदाच बसले. जीव मुठीत धरून डोळे मिटले होते. वन्सं ओरडल्या, "वहिनी, डोळे उघडा! मिटून बसलात म्हणून पाणी काय कमी होणार हाय का?" उघडले तर वन्सं एका कडेवर बसलेल्या, पाठ पाण्याकडं झोकून दिलेली, एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्यात सुकाणूची काठी, आणि तोंडावर असं काही हसू की मी दुसरीकडं बघितलं. घरात त्यांना असं हसताना कुणी पाहिलं असतं तर लगेच विचारलं असतं, काय झालं हसायला?

मेजरसाहेबांची बदली झाली. तोपर्यंत होडीचं कापड उन्हानं पार कुजलं होतं. शिवण उसवलेली, मध्ये एक पाय जाईल एवढं भोक. नवं कापड लांबून मागवावं लागतं, आणि त्यांची जायची घाई. ते वन्संना म्हणाले, "इसका कुछ कर सकती हो तो बोट तुम्हारी." एवढंच. होडी मामांच्या शेतात ठेवून ते गेले.

आणि त्याच सुमाराला पुण्याच्या एक बाई फुगवट्यावर आल्या. शाळेतल्या मुलांना शिडाच्या होड्या शिकवायचं शिबिर त्या घ्यायच्या. केस कापलेले, उन्हानं रापलेल्या, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. मेजरसाहेबांनी जायच्या आधी त्यांची गाठ घालून दिली होती. त्यांनी वन्संना होडी चालवताना बघितलं होतं. म्हणाल्या, "दिवाळीनंतर शिबिर. तुमची होडी पाण्यात असू द्या, मी तुम्हाला शिकवायला घेते. राहणं-जेवण माझ्याकडं. जमलं तर पुढं पुण्याला." वन्सं घरी आल्या त्या दिवशी त्यांनी मला ते दहा वेळा सांगितलं असेल. होडी पाण्यात असू द्या, म्हणाल्या. शिकवायला घेते, म्हणाल्या. म्हणजे ते फाटकं कापड बदललं की नोकरी, आणि नोकरी मिळाली की त्या घरातून सुटका. त्यांना दुसरा दरवाजा नव्हता, हे मला दिसत होतं.

घरात काय झालं विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, "दोन पायऱ्या उतरायला भिंत धरावी लागते, आणि ही लोकांच्या लेकरांना बुडवायला चालली." हे तर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "आमची बहीण आरमारात भरती झाली बरं का! आता पाकिस्तानची खैर नाय." गिऱ्हाईक हसायचं. वन्सं आत मशीन चालवत असायच्या. मशीनचा आवाज तेवढा वाढायचा.

पहिल्यांदा आम्ही तंबूचं कापड आणलं. छावणीत ते मिळतंच. वन्संनी मापात कापलं, कडेला दुहेरी शिवण घातली, कडेच्या आत दोरी भरली. त्या दांड्यांना आतून एक खाच असते. कापडाची दोरीवाली कड त्या खाचेत एका टोकातून सरकवत न्यायची असते. मेजरसाहेबांना तसं करताना त्यांनी बघितलं होतं. आमची कड अर्ध्यात अडकली. तेल लावलं, साबण लावला, मी ओढतेय, त्या ढकलतायत. शेवटी कड फाटली. कसंबसं दोरांनी आवळून बांधलं आणि वर बादलीभर पाणी ओतून बघितलं, तर ते पाणी कापडाच्या पोटात तसंच साचून राहिलं, म्हशीला पाजावं एवढं. मामा बांधावरून बघत होते. म्हणाले, "भाचीबाई, हौद चांगला झालाय."

वन्सं तिथंच मातीत बसल्या. रडल्या नाहीत. नुसतं त्या चौकटीकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, "वन्सं, बाज म्हणतो ना आपण हिला? मग बाजच विणू." माझं माहेर फुलंब्रीकडचं. आमच्याकडं बाजा घरीच विणायच्या, आणि मी बघून बघून शिकले होते, कुणी शिकवलं म्हणून नाही. बाज विणायच्या नवारीच्या पट्ट्यांतून पाणी खाली गळून जाईल. सुती नवार भिजली की आखडते आणि कुजते. पण तेव्हा नायलॉनची नवार नवीनच बाजारात आली होती.

छावणीतल्या नवारवाल्या चाचांकडं आम्ही दोघी गेलो. त्यांनी विचारलं, "कित्ते खाटां बनाते?" मी म्हटलं, "एकच. पण पाण्यावर टाकायचीय." चाचांनी चष्मा वर केला. "पानी पे खाट? हौ, गर्मी भोत है आजकल." मग वन्संनी त्यांना समजावून सांगितलं तर त्यांनी सुती नवारीला हातसुद्धा लावू दिला नाही, आतून नायलॉनचा गुंडा काढून आणला. निघताना म्हणाले, "बेटी, खींच के बुन्ना. ढीली खाट पे नींद नै आती." तेवढं एक बोलणं त्या सगळ्या काळात कुणी चांगल्या मनानं बोललं असेल.

आम्ही विणायला बसलो. दांड्या गोल आणि गुळगुळीत, नवार घसरून मध्यभागी गोळा व्हायची. मग दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूब आणल्या, त्यांच्या चिंध्या फाडून दांड्यांवर गुंडाळल्या, त्यावर नवार धरली. आधी लांबीच्या पट्ट्या, एकीला एक चिकटून. मग आडव्या, एक वरून, एक खालून. मी पट्टी घालायची आणि वन्संनी ओढायची. त्यांच्या हाताला जी ओढ होती ती माझ्या हाताला नव्हती. उजवा पाय दांडीला टेकवून अशा मागं झुकायच्या की पट्टी तारेसारखी वाजायची. डोलकाठीच्या बुडाशी जागा सोडली, मागं सुकाणूच्या दोराला सोडली. विणून झाल्यावर मी वरून हात फिरवला. इतकी घट्ट आणि इतकी सारखी बाज मी आयुष्यात विणली नव्हती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता फक्त बसवायची राहिली."

ही बसवायची रीत आमच्याकडची. नवी बाज विणली की तिच्यावर आधी घरातलं सगळ्यात जड माणूस बसवायचं, चांगलं हलवायचं, लोळवायचं. नवार जिथं ढिली पडायची तिथं पडते. मग पुन्हा ओढून घ्यायची की वर्षानुवर्षं झोळ येत नाही. आणि आमच्या घरातलं सगळ्यात जड माणूस म्हणजे हे.

हे त्या दिवशी मामांकडं आलेलेच होते. मामांची मोटर पाण्यात बुडाली होती. फुगवट्याचं पाणी उन्हाळ्याकडं मागं मागं सरकतं, आज काठाला असलेली मोटर उद्या चिखलात असते. म्हणून शेतकरी मोटर पिंपांवर बांधून पाण्यात सोडायचे. मामांची पिंपं कलंडली आणि मोटर खाली गेली. हे ती नवी भरून घेऊन आले होते, आणि तिला बसवायचं कशावर याचा खल चालला होता. पलीकडं मामांचा ऊस पिवळा पडायला लागला होता.

वन्संनी स्वतः हाक मारली. "दादा, ये ना. बाज बसवायचीय." त्यांना वाटत होतं ह्यांनी बघावं. एवढं चांगलं झालेलं काम भावानं एकदा तरी बघावं.

हे आले, हसत. चपला काढल्या, धोतर आवरलं आणि धपकन बसले. नवार कुरकुरली पण झोळ पडला नाही. "आयला," म्हणाले. मग आडवे झाले. मग मामांना म्हणाले, "मामा, तुम्ही बी या." मामा बसले. बाज तशीच. शेतातल्या गड्याला बोलावलं, तो बसला. तिघं त्या बाजेवर उड्या मारल्यासारखे हलत होते आणि वन्सं बाजूला उभ्या राहून, कुबडीवर हनुवटी टेकून, लहान पोरीसारख्या हसत होत्या. "दादा, कशी झाली?"

"एक नंबर," हे म्हणाले. "ढकला पाण्यात."

सगळ्यांनी ढकलली. हे वर बसूनच होते. त्या दोन पडवळांनी ह्यांना असं उचललं की पाणी अर्ध्यावरसुद्धा आलं नाही. वन्संना वाटलं, दादाला फिरायचंय. "थांब, सुकाणू आणते!" म्हणाल्या आणि खोपीकडं वळल्या. त्या किती जोरात चालायचा प्रयत्न करत होत्या, ते मला अजून दिसतं. सुकाणू जड असतं. ते काखेत, कुबडी दुसऱ्या हातात, अशा त्या धापा टाकत परत आल्या तेव्हा हे पाण्यातून मामांना सांगत होते, "पिंपांचा नाद सोडा मामा. या बाजेवर पाच हॉर्सपॉवरची मोटर झकास बसंल. वरून फळ्या टाकू, नटबोल्ट मारू. कलंडायचं नाव नाय."

वन्संनी सुकाणू खाली ठेवलं. "दादा, माझी होडी हाय ती."

"तुझीच हाय की. कोण कुठं नेतंय तिला?"

"दिवाळीनंतर शिबिर आहे."

"व्हय, आरमार," हे म्हणाले, आणि गडी हसला.

मी म्हटलं, "अहो, ती मुलांना शिकवायची होडी आहे. वन्संना त्यावर काम मिळतंय." हे माझ्याकडं वळले. "तू विणलीस ना ही? लई भारी विणलीस. साध्या कापडावर मोटर राहिली असती व्हय?" आयुष्यात माझ्या कामाचं त्यांनी केलेलं तेवढं एकच कौतुक.

मामा वाईट माणूस नव्हते. वन्संना जवळ घेऊन समजावायला लागले. "पोरी, ऊस वाळतोय. एवढं पीक पदरात पडू दे, मग तुझी होडी तुला." वन्संनी विचारलं, "ऊस कधी तुटंल?" मामा म्हणाले, "तुटंल की. मग खोडवा हाय." म्हणजे पुन्हा तोच ऊस, पुन्हा तेच पाणी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ एवढं पोसतोय, त्याच्या मामाच्या उपयोगी एक लाकूड पडलं तर हिच्या पोटात दुखतंय." ते लाकूड नव्हतं, पण त्यांना ते कोण सांगणार.

ह्यांनी दांड्यांना भोकं पाडली. बाजेवर फळ्या, फळ्यांवर मोटर, मोटरीपासून काठापर्यंत पाण्याखालून काळा पाइप. चारी बाजूंनी दोर, त्यांना जड दगड बांधून तळाला सोडलेले. डोलकाठी मामांच्या घरावर गेली, टीव्हीच्या अँटिनाला. पंचक्रोशीत तेवढं स्पष्ट चित्र कुणाकडं दिसत नाही असं मामा सांगायचे. शिडाचं कापड कडब्याच्या गंजीवर टाकलं. सगळं कामाला आलं, काहीही वाया गेलं नाही. लोक ह्यांची वाहवा करायचे, काय डोकं आहे म्हणून.

मग नवीन अडचण निघाली. मोटरीच्या नळीच्या तोंडाला शेवाळ अडकायचं, मोटर नुसती गरगरायची, पाणी धरायची नाही. कुणीतरी होडीवर जाऊन नळी उपसून साफ करायची, मोटरीत तांब्यानं पाणी भरायचं, मग पुन्हा चालू. गडी अंगानं दांडगा, तो एका बाजूला गेला की दुसरी बाजू उचलली जायची आणि पाइप निसटायचा. हलकं माणूस पाहिजे होतं, होडीवर सरकायची सवय असलेलं. लाइटचा तर भरवसाच नव्हता, कधीही यायची, म्हणजे ते माणूस तिथंच राहायला पाहिजे. मामांनी सहज विचारलं आणि ह्यांनी सहज हो म्हटलं. घरी येऊन वन्संना सांगितलं ते असं, "होडीच पाहिजे होती ना तुला? घे. होडीवरच ठेवली तुला. मामा दोन टाइम जेवायला घालणार. पुण्याची बाई तरी काय घालणार होती?"

वन्संनी मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली, मला दिलं. "हे गिऱ्हाइकाला पोचतं करा वहिनी, काजं राहिलीत फक्त." आणि गेल्या.

पुण्याच्या बाई ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर आल्या. वन्सं काठावर त्यांना भेटल्या. मी तिथं नव्हते, वन्संनीच मला नंतर सांगितलं. बाईंनी मोटर बघितली, खालची बाज बघितली. मग म्हणाल्या, "शिकवणारे माझ्याकडं आहेत. मला होडीही हवी होती. होडीशिवाय तुम्हाला कुठं बसवू?" वन्सं म्हणाल्या, "काठावर बसवा. मी काठावरून सांगते मुलांना." बाईंना वाईट वाटलं असावं. पण त्यांच्यामागं पंचवीस-तीस पोरं आणि पाण्यात सोडायच्या होड्या. त्या घाईनं गेल्या.

शिबिर संपत आलं तेव्हा मी भाकरी बांधून वन्संना भेटायला गेले. वन्सं होडीवर होत्या, मोटरीच्या बाजूला, वाळका पाय नीट घडी घालून ठेवलेला. मोटर सुरू होती. तिची धडधड काठापर्यंत यायची, पायाखालची माती हलल्यासारखी वाटायची. लांबून पांढरी शिडं येताना दिसली. लहान लहान होड्या, एकेकीत दोन-दोन पोरं. सगळ्या सरळ आमच्याकडंच येत होत्या. मला कळेना. जवळ आल्या तेव्हा कळलं. शिबिरवाल्यांना पाण्यात वळणाची खूण पाहिजे असते, तिला वळसा घालून परत जायचं असतं. मोटर पाण्यात एका जागी बांधलेली, लांबून दिसणारी. त्यांनी तीच खूण धरली होती.

पहिली होडी आली. पोराचं शीड फडफडत होतं, त्याला वळता येत नव्हतं. वन्संनी हात वर केला आणि ओरडल्या. मोटरीपुढं काय ऐकू जाणार? पोरगं घाबरून दुसऱ्याच बाजूला गेलं. दुसरी होडी आली. वन्संनी मग माझ्याकडं वळून हातानं खूण केली, बंद करा. स्टार्टरची पेटी काठावर माझ्या शेजारीच होती. मी लाल बटण दाबलं.

काय शांत झालं म्हणता! शिडांची फडफडसुद्धा ऐकू यायला लागली. आणि वन्संचा आवाज, घरात कधी न ऐकलेला, मोकळा. "दोर सोड! थोडा सोड, सगळा नाय! आता सरक, सरक तिकडं, डोकं खाली! शाबास!" दुसरी होडी वळली. तिसरी तर मोटरीला अगदी चिकटून वळली. त्यातली पोरगी वन्संकडं बघून हसली आणि म्हणाली, "मावशी, बरोबर?" वन्सं म्हणाल्या, "बरोबर!"

उसातून मामांची हाक आली. "पाणी का बंद पडलं?"

मी म्हटलं, "लाइट गेली मामा."

ते बांधावर आले. शेजारच्या शेतकऱ्याची मोटर पलीकडं धडधडत होती, तिचं पाणी पाटातून चमकत चाललं होतं. मामांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले, वाकले, आणि हिरवं बटण दाबलं.

अजून होड्या येत होत्या. वन्सं गुडघ्यावर उठून बसल्या होत्या, दोन्ही हात हलवत होत्या, त्यांचं तोंड हलत होतं. एका पोरानं कानामागं हात धरून बघितलं, मान हलवली, आणि मोटरीला वळसा घालून निघून गेलं.